थोडे बोला

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या घरात एका शब्दावर बंदी आली. ती कोणी घातली हे सांगता येणार नाही. घरातले असे कायदे कोणी मांडत नाही आणि कोणी मंजूरही करीत नाही. डॉक्टरांनी वडिलांना ‘आता घरीच ठेवा’ म्हणून सांगितले, त्या संध्याकाळपासून ‘मरण’ हा शब्द ओटीवरून, माजघरातून आणि स्वयंपाकघरातून हद्दपार झाला. वाडीतले कोणी गेले तर ‘त्यांच्याकडे आज जरा गर्दी आहे’ असे आम्ही म्हणू लागलो. चर्चची मयताची घंटा वाजू लागली की आमच्या सौभाग्यवती टीव्हीचा आवाज वाढवीत. वडिलांचे वय ८१, कान तीक्ष्ण, आणि ती घंटा त्यांनी आयुष्यभर मोजलेली. पण आम्हांला वाटे, आवाज वाढविला की बातमी घरात शिरणार नाही.

मग आम्ही चर्चमध्ये फादरांना गाठले. “फादर, आपण जरूर या,” आम्ही म्हणालो, “पण सहज आल्यासारखे या. गळ्यात स्टोल नको. आणि ती तेलाची कुपी खिशातच राहू द्या. तेल पाहून ते घाबरतील.”

फादरांनी आमच्याकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, “कोण घाबरेल?”

या प्रश्नाचे उत्तर आम्ही दिले नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) ‘अंत्याभ्यंग’ हे जुने नाव मागे सारून ‘रुग्णाभ्यंग’ म्हणावे असे सुचविले, हा संस्कार केवळ शेवटच्या घटकेला टेकलेल्यांसाठी नाही, हे आम्हीच एकदा धर्मग्रामाच्या सभेत तावातावाने समजावून सांगितले होते. सभेत सांगणे निराळे आणि स्वतःच्या बापाच्या खाटेशी उभे राहणे निराळे.

वडिलांच्या उशाशी रात्री जागायची पाळी आमची असे. जागरणाला सोबत म्हणून कपाटातले एक जाडजूड पुस्तक आम्ही काढले : फिलिप द कॉमिन या फ्रेंच सरदाराच्या आठवणींचे इंग्रजी भाषांतर. पंधराव्या शतकातल्या लढाया आणि तह वाचताना झोप येणार नाही, आणि आली तरी मोठे नुकसान नाही, एवढाच हिशेब होता. तो साफ चुकला. सहाव्या भागाशी पोहोचलो आणि पहाटेपर्यंत पुस्तक खाली ठेवता आले नाही.

तो भाग आहे फ्रान्सचा राजा अकरावा लुई याच्या अखेरच्या दिवसांचा. हा राजा १४२३ साली जन्मला, १४६१ मध्ये गादीवर बसला. माणूस विलक्षण हुशार. तलवारीपेक्षा त्याचा भर बोलण्यावर, पैशांवर आणि हेरांवर. त्याच्या जाळ्यात न सापडलेला सरदार विरळा, म्हणूनच लोक त्याला ‘कोळी’ म्हणत (मासे पकडणारा नव्हे, भिंतीवरचा!). त्याचा कट्टर वैरी, बर्गंडीचा ड्यूक चार्ल्स, जानेवारी १४७७ मध्ये नान्सीच्या लढाईत पडला, तेव्हा त्याच्या मुलखाचा मोठा लचका या कोळ्याने घरबसल्या तोडला. राज्य वाढले, खजिना भरला, शत्रू संपले. आता सुखाने राज्य करायचे एवढेच उरले होते.

पण राजाच्या मनात एक आकडा घर करून बसला होता. गेल्या कित्येक पिढ्यांत फ्रान्सच्या कोणत्याही राजाने साठी ओलांडलेली नाही, असे तो म्हणे. त्याचा बाप सातवा चार्ल्स ५८ व्या वर्षी गेला होता. आपल्याकडे ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणतात. या गृहस्थाची बुद्धी साठीच्या नुसत्या धाकानेच नाठी झाली.

एके दिवशी जेवता जेवता त्याला पक्षाघाताचा झटका आला. वाचा गेली. जीव घुसमटला म्हणून तो खिडकीकडे जाऊ लागला, तर भोवतालच्या लोकांनी त्याच्या भल्यासाठीच त्याला धरून ठेवले आणि खिडक्या लावून घेतल्या. राजा सावरला. बोलू लागला तेव्हा त्याने पहिली चौकशी कसली केली असेल? मला कोणी धरले होते? नावे कळताच त्या सर्वांना त्याने वाड्यातून हाकलून दिले. राजाच्या अंगाला जबरदस्तीने हात लावायचा नाही, मग तो हात त्याला वाचविण्यासाठी का असेना! आजारपण आले तर तेही अदबीने, आगाऊ वर्दी देऊन यावे, अशी त्याची अपेक्षा असावी.

कॉमिन त्या दिवसांत चाळीस दिवस त्याच्या सेवेत होता, राजाचे अडखळते बोल इतरांना उलगडून सांगत होता. म्हणून त्याच्या लिहिण्यात दरबारी ऐकीव गप्पांचा वास नाही. धन्याविषयी त्याला माया आहे, आणि ती माया आहे म्हणूनच त्याने काही लपविलेले नाही.

त्यानंतर राजाने तूर शहराजवळच्या प्लेसीच्या वाड्यात स्वतःला कोंडून घेतले. वाड्याभोवती जाड लोखंडी गजांचे कुंपण. भिंतींत अनेक टोकांचे लोखंडी खिळे. पहाऱ्यासाठी लोखंडी कोठड्या. खंदकात रात्रंदिवस चाळीस तिरंदाज, त्यांना हुकूम असा की रात्री जो जवळ येईल त्याच्यावर बाण सोडावा. सकाळी आठ वाजण्यापूर्वी दरवाजा उघडायचा नाही, पूल खाली सोडायचा नाही. या राजाने आपल्या बंदिवानांसाठी पिंजरे करविले होते : आठेक फूट रुंद, माणसाच्या उंचीहून फूटभर उंच. कॉमिनने पुढे, नव्या राजाच्या अमदानीत, अशाच एका पिंजऱ्यात आठ महिने काढले. त्यामुळे त्याला तुलना करण्याचा अधिकार आहे. तो म्हणतो, ज्याने इतरांना कोंडले त्याने स्वतःलाही तसेच कोंडून घेतले. फरक एवढाच, की या पिंजऱ्याची किल्ली आतल्या माणसाकडे होती आणि तिचा त्याला काही उपयोग नव्हता.

बापाने पोराच्या विषप्रयोगाच्या धास्तीने अन्न वर्ज्य केले होते, असे त्या काळी बोलले जाई. आता तोच पोरगा बाप झाला होता आणि स्वतःच्या मुलाला भीत होता. राजपुत्र चार्ल्सला त्याने आंब्वाजच्या किल्ल्यात, कोणी भेटू नये अशा बंदोबस्तात वाढविले. (पुढची गंमत, तिला गंमत म्हणवत नाही, अशी : हा चार्ल्स १४९८ साली, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी, चेंडूचा खेळ पाहायला निघाला असता एका ठेंगण्या दाराच्या चौकटीवर त्याचे डोके आपटले आणि काही तासांत तो वारला. वय २७. किल्ला आंब्वाजचाच. बापाने सगळी दारे बंद करविली होती. हे एक दार तेवढे ठेंगणे राहिले.)

राजा लोकांच्या दृष्टीआड झाला की लोक ‘मेला’ म्हणणार, हीही एक धास्ती. मग जिवंत असल्याचे पुरावे जगभर पाठवायचे! एरवी साधे, कळकट कपडे घालणारा हा माणूस, टोपीला शिशाच्या स्वस्त पवित्र प्रतिमा लावून हिंडणारा. तो आता किरमिजी साटिनचे, उंची केसाळ कातडी अस्तराचे झगे घालू लागला. परदेशांतून चढ्या भावाने जनावरे मागवू लागला. स्पेनमधून कुत्रे, सिसिलीतून खेचर, उत्तरेकडच्या देशांतून सांबरासारखे प्राणी. ती आली की तो बहुधा त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नसे. मालकांना जनावराची किंमत मिळे, राजाला बातमी मिळे : फ्रान्सचा राजा खरेदी करतो आहे, अर्थात जिवंत आहे. अधिकाऱ्यांना बडतर्फ करी, तनखे कापी. कॉमिनला तो म्हणाला, माणसे वर चढविण्यात आणि खाली पाडण्यात माझा वेळ जातो. आमच्या ओळखीत निवृत्तीनंतरही कचेरीत जाऊन फायली मागविणारे एक गृहस्थ होते, त्यांची या वाक्याशी आठवण झाली. त्यांना मात्र कोणी फाईल दिली नाही.

आता वैद्य. त्याचे नाव झाक क्वातिये. कुशल किती होता कोण जाणे. पण रोग्याची शेंडी नेमकी कशी धरावी हे त्याला ठाऊक होते. दरमहा दहा हजार सुवर्णमुद्रा तो घेई. कॉमिनच्या हिशेबाने पाच महिन्यांत ५४ हजार झाल्या. शिवाय पुतण्याला आम्येंचे बिशपपद. राजाशी तो नोकराशी बोलावे तसा उद्धटपणे बोले. इतरांना काढलेत तसे एक दिवस मलाही काढाल, हे मी जाणतो. पण त्यानंतर आठ दिवसही तुम्ही जगणार नाही, असे त्याने शपथेवर बजावून ठेवले होते. साऱ्या युरोपला आपल्या बोटांवर नाचविणारा राजा या एका वाक्याने लटपटला. याच धर्तीची एका ज्योतिष्याची कथा वॉल्टर स्कॉटने आपल्या ‘क्वेंटिन डरवर्ड’ (१८२३) या कादंबरीत याच राजाभोवती रंगविली आहे : ‘महाराजांच्या बरोबर चोवीस तास आधी माझा मृत्यू आहे,’ असे सांगून ज्योतिषी आपली मान सोडवितो. ती कथा झाली. क्वातियेची हकीकत मात्र डोळ्यांनी पाहणाऱ्याने लिहिली आहे, आणि ती अधिक नामी आहे, कारण ज्योतिष्याला निदान पोटापुरता आकाशाचा अभ्यास करावा लागतो.

आणि स्वर्ग? स्वर्गाशीही व्यवहार चालू होता. बूलोन्य हा आख्खा परगणा त्याने पवित्र मारियेच्या नावे केला, स्वतः तिचा मांडलिक झाला आणि सोन्याचे हृदय अर्पण केले. तूरच्या संत मार्टिनच्या कबरीभोवती चांदीची जाळी बसविली (ती पुढे १५२२ साली पहिल्या फ्रान्सिस राजाने लढाईच्या खर्चासाठी वितळविली, संतांकडून राजे असे उसने नेत असतात). रोमहून पोप चौथे सिक्स्टस यांनी पवित्र अवशेष पाठविले. पॅरिसहून अवशेष आले. रँसच्या मठातून, राज्याभिषेकाच्या पवित्र तेलाची कुपी आली. क्लोव्हिस राजाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी कबुतराने ती स्वर्गातून आणली अशी श्रद्धा, आणि ती रँसबाहेर कधी नेलेली नव्हती. राजाला म्हणे पुन्हा अभ्यंग करून घ्यायचा होता. लोक कुजबुजत, की त्याला ते तेल सर्वांगाला चोळायचे आहे. यावर कॉमिन अगदी गंभीरपणे लिहितो, की हे संभवत नाही, कारण कुपी फारच लहान आहे.

येथे आम्ही मोठ्याने हसलो. वडिलांनी डोळे उघडले. “काय वाचतोस?” “काही नाही, बाबा. एका राजाची गोष्ट.” “मेला का?” त्यांनी विचारले. आम्ही चपापलो. बंदी असलेला शब्द खुद्द त्यांच्याच तोंडून आला होता. “अजून नाही,” आम्ही म्हणालो आणि दिवा बारीक केला.

राजाची आणखी एक जुनी कथा सांगतात. त्याच्या शरीरस्वास्थ्यासाठी आणि आत्म्याच्या कल्याणासाठी संत युत्रोपियसची प्रार्थना चालली होती. राजाने धर्मगुरूला मध्येच थांबविले : आत्म्याचे राहू द्या, एका वेळी संताकडे फार मागणे बरे नव्हे, शरीराचे पुरे. कथा खरी असो वा नसो, आमची प्रत्येक नोव्हेना तपासून पाहिली तर आम्हीही या संपादकीय काटछाटीत तरबेज निघालो. वडिलांसाठी त्या दोन महिन्यांत आम्ही केलेल्या नोव्हेनांत आत्मा हा शब्द किती वेळा आला, हे सांगायला लाज वाटते.

अवशेष थकले, वैद्य थकला. तेव्हा राजाने जिवंत संत मागविला. दक्षिण इटलीतल्या कालाब्रियात, पाओला गावचे फ्रान्सिस नावाचे एक विरक्त राहत होते. जन्म १४१६ चा. शिक्षण नाही. मांस, अंडी, दूधदुभते कायमचे वर्ज्य. म्हणजे बारा महिने उपवासकाळ. झगा पाण्यावर अंथरून त्यांनी सिसिलीची सामुद्रधुनी ओलांडली, अशी परंपरा आहे. राजाचे बोलावणे आले, ते गेले नाहीत. नेपल्सच्या राजाने शब्द टाकला, तरी नाही. अखेर पोप महोदयांची आज्ञा आली तेव्हा निघाले, आणि एप्रिल १४८३ मध्ये प्लेसीला पोहोचले. राजाने त्यांच्यापुढे गुडघे टेकले आणि आयुष्य वाढवून मागितले. कॉमिन एवढेच लिहितो, की शहाण्या माणसाने जे उत्तर द्यावे ते त्यांनी दिले. आयुष्याच्या मर्यादा देवाच्या हाती आहेत, राजालाही त्या चुकत नाहीत, तेव्हा तयारी करावी; या अर्थाचे ते बोलणे होते, हे त्या संतांच्या चरित्रांत येते.

याच भेटीतली आम्हांला सर्वांत आवडलेली गोष्ट लहानशी आहे. त्या उन्हाळ्यात राजाने आपल्या एका अधिकाऱ्याला पत्र लिहून लिंबे, गोड संत्री, नासपती मागविली. कारण हा पवित्र पुरुष मांस खात नाही, मासळी खात नाही. ज्याने कोणाचीही दोरी हातात ठेवल्याशिवाय त्याला सोडले नाही, तो या अनवाणी म्हाताऱ्यासाठी संत्र्यांची काळजी करतो आहे. त्यातही लाच असेलच. पण नुसती लाच नसावी, असे आम्हांला वाटते. मरणाची भीती वाटणारा माणूस, ज्याला ती वाटत नाही अशा माणसाजवळ बसून राहू पाहतो. मग तो काही देवो वा न देवो.

जुना करार वाचणाऱ्यांना हिज्कीया राजा आठवेल. ‘तू मरणार आहेस’ असे यशया संदेष्ट्याने सांगताच तो भिंतीकडे तोंड करून रडला, आणि त्याला पंधरा वर्षे वाढवून मिळाली, वर अंजिराचे पोटीसही. त्या मिळालेल्या वर्षांत त्याने बाबेलच्या दूतांना आपला सगळा खजिना दाखवून पुढच्या पिढीचा नाश ओढवून घेतला. लुईने हे वाचले नसेल असे नाही. पण दुसऱ्याच्या अर्जावरचा शेरा कोण वाचतो!

३ जुलै १४८३ रोजी लुई साठ वर्षांचा झाला. आकडा गाठला. पुढे ऑगस्टच्या अखेरच्या सोमवारी पुन्हा झटका आला.

आता तो शब्द. राजाने आपल्या माणसांना फार पूर्वी बजावून ठेवले होते, की माझी वेळ आली असे दिसले तर मला ‘मृत्यू’ असे म्हणू नका. फक्त म्हणा, ‘थोडे बोला’. आणि पापनिवेदनाची आठवण द्या. तेवढ्यावरून मी समजेन. किती विचारपूर्वक केलेली योजना! पण ऐन वेळी ती कोणी पाळली नाही. क्वातिये वैद्य आणि राजाने न्हाव्याचा सरदार केलेला ऑलिव्हिए, हे दोघे पुढे झाले आणि त्याला तोडून सांगितले : आम्हांला कर्तव्य केले पाहिजे, त्या साधुपुरुषावर किंवा कशावरही आता भिस्त ठेवू नका, तुमचे आटोपले आहे. ज्यांना त्याने धुळीतून उचलून मोठे केले त्यांनीच, एखाद्या गुन्हेगाराला शिक्षा ऐकवावी तसे. राजा म्हणाला, देव मला साहाय्य करील अशी मला आशा आहे. कदाचित तुम्हांला वाटते तितका मी आजारी नसेन.

आम्ही पुस्तक मिटले. या वाक्याला हसणे आम्हांला जमले नाही.

आणि मग, वाचकहो, जे घडले ते वाचून आम्ही थक्क झालो. हा माणूस सुधारला. भीती नाहीशी झाली असे नव्हे. पण पुढचे दिवस त्याने शांतपणे काढले, पापनिवेदन केले, संस्कार घेतले, प्रार्थनांची उत्तरे स्वतः दिली, मुलासाठी निरोप दिले, आणि कोणतीच तक्रार केली नाही. त्याचे एकच मागणे होते. शनिवार हा पवित्र मारियेचा वार. तोवर ती मला सांभाळील आणि त्या दिवशी नेईल, असे तो म्हणत राहिला. ३० ऑगस्ट १४८३, शनिवार, रात्री आठ वाजता तो वारला. रँसची कुपी खोलीतच होती. इतक्या वर्षांच्या लाचलुचपतीतून, परगणे आणि चांदीच्या जाळ्या देऊनही जे मिळाले नाही ते नाहीच. पण हात पसरून मागितलेला वार मात्र मिळाला.

बाकीच्यांचे थोडक्यात. न्हावी पुढच्याच वर्षी फासावर गेला. कुपी १७९३ साली क्रांतिकारकांनी फोडली. फ्रान्सिस मात्र प्लेसीलाच राहिले, २ एप्रिल १५०७ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, ९१ व्या वर्षी वारले. ज्यांनी एक दिवसही वाढवून मागितला नाही त्यांना एवढे आयुष्य मिळाले. १५१९ मध्ये ते संत म्हणून घोषित झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना आम्ही वडिलांना म्हणालो, “बाबा, फादर येऊ का म्हणत होते. सहज.”

“सहज कशाला?” ते म्हणाले. “तेल घेऊन येऊ दे.”

आमच्या हातातली बशी वाजली. वडील भिंतीकडच्या कपाटाकडे बोट दाखवीत होते. “खालच्या खणात, माझ्या कोटाखाली बघ.”

खालच्या खणात पांढऱ्या धुतलेल्या रुमालात सगळे नीट बांधून ठेवलेले होते. लहान क्रूस, दोन मेणबत्त्या, कापूस, पवित्र पाण्याची बाटली. आजाऱ्याच्या घरी फादर आले की जे जे लागते ते सारे. काडेपेटीसुद्धा. ती सर्दाळू नये म्हणून तिला प्लॅस्टिकची पिशवी.

“हे केव्हा केलेत?”

“तीन वर्षं झाली.” ते थोडा वेळ थांबले. बोलायला त्यांना दम लागत असे. “तुम्हाला सांगितलं नाही. म्हटलं, तुम्ही घाबराल.”

फादर त्याच संध्याकाळी आले, गळ्यात स्टोल घालून. मेणबत्त्या पेटविताना आमच्याच्याने दोन काड्या वाया गेल्या. कपाळाला आणि तळहातांना तेल लावून झाल्यावर वडिलांनी हात तसेच उताणे ठेवले, आणि आमच्याकडे वळून म्हणाले, “ती खिडकी उघड.” गार वाऱ्याने खोकला वाढेल म्हणून ती खिडकी आम्ही महिनाभर लावून ठेवली होती. आम्ही ती उघडली. वाडीत पंप चालू होता, केळींना पाणी सुटले होते, आणि कोणीतरी सातव्या घरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात गुरांना हाकलीत होते.